समोरून काढलेला फोटो

सोमवार, १२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, पण ती स्वतः त्याहून जास्त कुरकुरते, म्हणजे तब्येत उत्तम आहे. तुझ्या धाकटीला दात आला हे तिनं तीन घरांत जाऊन सांगितलं.

तू विचारलंस, मामंजी फोनवर नुसतं हूं-हूं करून ठेवून का देतात? दाजींना रजा नाही, तुझा जीव टांगणीला लागलाय. म्हणून सांगतो.

चार तारखेला, रविवारी, ते जुनं वाफेचं इंजिन निघालं. पंचवीस वर्षं शेडमध्ये गंजत पडलेलं, वर्षभर खपून दुरुस्त केलं. पण चालवणार कोण? वाफेवर हात बसलेला ड्रायव्हर इथे एकच उरलाय, तुझे सासरे. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी साहेब लोक घरी बोलवायला आले. त्या दिवशी मामंजी नवरदेवासारखे सजले होते. दाढी गुळगुळीत, गळ्यात धुतलेला रुमाल. मागे दोन डबे, डब्यांत पाहुणे, आणि वळणाच्या अलीकडे दोरी बांधून आम्हा फोटोवाल्यांना उभं केलेलं.

वळण संपता संपता मामंजींनी एकदम ब्रेक लावला. फायरमन त्या वेळी भट्टीत कोळसा टाकत होता, तोल जाऊन तो भट्टीच्या दारावर आदळला. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. मामंजी म्हणाले, रुळांवर माणूस उभा होता. पण दुसऱ्या कुणालाच तो दिसला नाही. फायरमन खाली वाकलेला, गार्ड मागच्या डब्यात. चौकशी लागली आहे. साहेब म्हणतात, वय झालं, धुरात भास झाला असेल.

मी बाकीच्यांबरोबर दोरीपाशीच होतो. तिथून वळणापलीकडचं दिसत नाही.

तू मागितलेस म्हणून चार फोटो पाठवतोय. शेवटचा रोल अजून धुतला नाही. परीक्षांचे फॉर्म सुरू झालेत, स्टुडिओत पासपोर्ट फोटोंची रांग असते. हे पत्रसुद्धा तीनदा उठून लिहिलं. हल्ली एका जागी बसवत नाही, का कोण जाणे.

काळजी करू नकोस.

तुझा भाऊ


बुधवार, २१ फेब्रुवारी

ताई,

आधीचं पत्र फाडून टाक. मी दोरीपाशी नव्हतो.

फोनवर तुझा आवाज ऐकला असता तर हे बोलता आलं नसतं, म्हणून पुन्हा लिहितोय.

एक फोटो मला आठवडाभर आधीपासून डोळ्यांसमोर दिसत होता. अगदी समोरून, वळणातून बाहेर पडणारं इंजिन, वर धूर, खाली दोन्ही रूळ. असा एक फोटो हातात असला की पासपोर्ट फोटोंच्या खुराड्यातून सुटेन, असं वाटत होतं. सगळे चहा घेत होते तेव्हा दोरीखालून सटकलो आणि वळणापलीकडे रुळांच्या मधोमध जाऊन उभा राहिलो. गाडी हळू येईल, एक क्लिक करून बाजूला होऊ, एवढाच हिशेब. कॅमेऱ्याच्या काचेतून इंजिन होतं त्याहून लांब वाटत होतं. शिट्टी ऐकली तरी मी आणखी एक क्षण थांबलो. तो एकच क्षण, ताई.

मग पलीकडच्या उतारावर उडी मारली. वर लोखंड किंचाळलं आणि पाठोपाठ एक माणूस. मी वर गेलो नाही. झुडपांतून रस्त्यावर आलो, सायकल घेतली आणि घरी. आईनं विचारलं, "पँट कशी फाटली?" म्हटलं, "काटे."

तुला पहिलं पत्र टाकल्यावर दोन दिवसांनी मामंजींकडे गेलो. ते खुर्चीत बसून, एक डोळा हातानं झाकून, भिंतीवरच्या कॅलेंडरच्या तारखा वाचत होते. मग दुसरा डोळा झाकून.

"डॉक्टर म्हणतो नजर चांगली आहे," ते म्हणाले. "म्हणजे बिघाड डोक्यात असणार. तू तिथंच होतास ना रे? तुला दिसलं का कुणी?"

"नाही काका."

"हं. मग नसेलच कुणी."

दुसऱ्या दिवशी स्टुडिओच्या दारातून पाहिलं. मामंजी रस्ता ओलांडत होते. रस्ता मोकळा होता, तरी त्यांनी तुझ्या सासूबाईंचा हात धरला होता. आयुष्यभर इंजिन हाकलेला माणूस! माझ्या हातातलं काम सुटलं.

शनिवारी रोल धुतला. फोटोचा कागद रसायनात हलवत होतो, आधी धूर उमटला, मग इंजिन, मग बाजूच्या खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आलेले मामंजी. तोंड उघडं, नजर थेट माझ्यावर. मी काढलेला हा सगळ्यांत चांगला फोटो आहे. हे लिहायची लाज वाटते, पण आता खोटं नको.

ओला कागद तसाच घेऊन मामंजींकडे गेलो. त्यांनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं.

"म्हणजे होता," ते हळूच म्हणाले. मग ओरडलेच, "अगं ए, इकडे ये! होता बघ माणूस! मला दिसला होता!"

इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. सासूबाई पदराला हात पुसत आल्या. फोटो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"पण हा काढला कुणी?"

मामंजींचा चेहरा माझ्यासमोर उतरत गेला. मी म्हटलं, "मीच, काका."

"बुधवारी मी तुला विचारलं होतं."

"हो."

त्यांनी भिंग ठेवलं. "चप्पल घाल. चल."

फायरमनच्या घरी त्याची बायको त्याच्या शर्टाची बटणं लावत होती. मामंजी एवढंच म्हणाले, "हा तो माणूस." फायरमननं डाव्या हातात फोटो धरला, उजेडाकडे तिरका केला.

"मी यात कुठेच दिसत नाही," तो म्हणाला आणि परत दिला.

सोमवारी चौकशीत लेखी दिलं. फोटो आणि निगेटिव्ह त्यांच्याकडेच ठेवलं, परत मागणार नाही. मामंजींवरचा ठपका निघाला. त्यांना इंजिन चालवायला पुन्हा बोलावलंय आणि त्यांनी होकार दिलाय. माझ्यावर खटला होईल. स्टुडिओच्या मालकांनी किल्ली काढून घेतली. फायरमनची बोटं पूर्वीसारखी वळतील की नाही, डॉक्टर अजून सांगत नाहीत. रोज सकाळी मी त्याला ड्रेसिंगला नेतो. तो सायकलवर मागे बसतो, डाव्या हातानं सीट धरतो, मला नाही.

मामंजी वाटेत भेटले की बाजूला होऊन वाट देतात, परक्या माणसाला देतात तशी. तुझ्या सासरी माझ्यामुळे तुला काय ऐकावं लागेल, हा विचार करत दिवसभर घरात येरझारा घालतोय. दाजींना तू सांग, नाहीतर मला लिहू दे, पण माझी बाजू घेऊ नकोस. रागावलीस तर तसं लिही. गप्प मात्र राहू नकोस.

रुळांवर उभा होता तो,
तुझा भाऊ