आरशापुढं

नम्रता पोरी,

एकाच घरात राहून चिठी कसली द्यायची? म्हणून ही देणार नाय. पण तोंडावर बोलायला माजी जीभ वळत नाय.

दोन्ही बाळंतपणांत तुजं पोट मीच जुन्या लुगड्यानं आवळून बांधलं. आता ऑपरेशननंतर डॉक्टरांचा पट्टाबी मीच बांधला. टाके ओढायचे, तू वाकून चालायचीस, पण कधी 'आई गं' म्हणाली नायस.

शेजारची शेवंता बघायला आली, तवा मी हर्नियाचं ऑपरेशन झालं असं खोटंच सांगणार होते. तूच बोललीस, "काकू, बाळंतपणांनी सुटलेलं पोट आणि उतरलेली छाती, दोन्ही एकदम नीट करून घेतलंय."

"नवऱ्यासाठी काय गं?"

"नाही काकू, माझ्यासाठी."

शेवंताचा चहा कपातच निवला. मला मात्र तुजा लई अभिमान वाटला.

आज तू ताठ चालत साजगावला कंपनीत कामाला गेलीस. मागं मी दार लावलं आणि आरशापुढं पदर बाजूला केला. चार लेकरं वाढवलेलं हे पोट मी आजवर कधी बघितलंच नव्हतं. लई वेळ बघत उभी राहिले.

लाज नाय वाटली गं.

तुजी सासू,
सुंदरा
कुंभिवली