पुरावाबाईंची मान

२ मे, सोमवार
आजपासून युद्ध. वादविवाद विषयाच्या बाईंनी सत्रातलं शेवटचं काम दिलं. आम्ही त्यांना पुरावाबाई म्हणतो. बाथरूमला जाऊ का विचारलं तरी पुरावा मागतील. काम असं: एक विषय घ्यायचा आणि वर्गासमोर भांडायचं. भांडायला माझी कधीच ना नसते, पण यात एक गोम आहे. आधी विरोधकाची बाजू मांडायची. तीही अशी की विरोधकाने मान हलवून कबूल करायला पाहिजे, हो, हेच म्हणायचंय मला. मान हलली की मग आपली बाजू. म्हणजे ज्याला बदडायचं त्याला आधी तेल लावून मालिश! दोन्ही बाजूंचे मार्क वेगळे, एकातही उडालो तर नापास.
नापास म्हणजे पुढच्या सत्रात हाच विषय धाकट्या तुकडीबरोबर. तिथे कोण? आमची शेंबडी. सख्खी बहीण. वर मॉनिटर. त्यापेक्षा मेलेलं बरं.

३ मे
मी विषय दिला: वादविवाद हा विषयच शाळेतून बंद करा. काय डोकं आहे माझं! विषयच गेला तर कोण कुणाला नापास करणार? वाटलं बाई भडकतील. नाही भडकल्या. विरोधक कोण होतंय विचारलं. एकही हात वर नाही, अख्खा वर्ग माझ्या बाजूने. मग म्हणाल्या, मीच होते. हसत म्हणाल्या. शत्रू हसला की समजायचं, टरकलाय.
माझ्या बाकावरचा ढापण्या, बाईंचा चमचा, विचारतो कसा, तुझे मुद्दे काय रे? म्हटलं ढीगभर आहेत. म्हणाला, एक सांग. म्हटलं, फितुराला कोण सांगतं?
आपली बाजू उद्या लिहायची. नक्की.

६ मे
प्लॅन बदलला. आणखी भारी झाला. बाईंची बाजू बाईंच्याच आवाजात मांडणार! चष्मा नाकाच्या शेंड्यावर, खडूने टेबलावर टकटक, आणि ते ‘बरं, पुढे?’ ज्याने माणसाचं रक्त आटतं. वर्ग लोळेल. बाईंचा पार कचरा. आणि मान तर हलवावीच लागेल, शब्द त्यांचेच ना.
त्यासाठी पहिल्या बाकावर बसून नीट ऐकतोय. ढापण्या म्हणाला, सुधारलास की काय? त्याच्या दप्तराचे पट्टे बाकाला बांधले. अख्खी मधली सुट्टी गाठी सोडवत होता. मिळालं असेल उत्तर.
आपली बाजू रविवारी.

८ मे, रविवार
सायकलचं मागचं चाक बसलं. पंक्चरवाले काका म्हणाले, ट्यूब चाळणी झालीय, नवी टाकावी लागेल. सवयीने बाईंचा आवाज लागला. म्हटलं, चाळणी म्हणजे कुठेकुठे? दाखवा. काकांनी कुरकुरत ट्यूब पाण्यात धरली. बुडबुडे एकाच जागी. म्हणाले, वकिलाचं पोरगं आहेस का रे? ठिगळावर भागलं.
हे माझं उपजत डोकं. यात बाईंचा काडीचा संबंध नाही. किस्सा मात्र झकास आहे, बाईंच्या बाजूत घालतो.
संध्याकाळी बाबा म्हणाले, तू सतत मोबाईलवर असतोस. म्हटलं, सतत? पुरावा? बाबांनी मोबाईल काढून घेतला, म्हणाले, बघ कसा तडफडतोयस, हा पुरावा. त्यांना शांतपणे समजावलं की याला कुतर्क म्हणतात. सायकलची किल्ली पण गेली.
या मूडमध्ये आपली बाजू होणार नाही.

१२ मे
घरी तालीम. आईचा जुना चष्मा लावला. शेंबडी उचकी लागेपर्यंत हसली. मग म्हणाली, दादा, पण हे पटतंय रे. बंद कशाला करतोस मग? म्हटलं, तुला अक्कल नाही. म्हणाली, बरं, तुझी बाजू म्हणून दाखव. म्हटलं, ती उत्स्फूर्त असते. म्हणाली, माझ्या शेजारची जागा रिकामीच आहे हं.
तिच्या उशीखाली ओला स्पंज ठेवलाय.

१६ मे, सकाळ
आज निकाल लावतो. आपली बाजू नाश्त्याच्या वेळी लिहिणार होतो, पण हात चिकट होते. असो. खरं बोलायला पाठांतर लागत नाही.

१६ मे, संध्याकाळ
मागच्या बाकावर हेडमास्तर येऊन बसलेले. म्हटलं, बरं झालं, साक्षीदार. चष्मा चढवला, टकटक केली, वर्ग पहिल्याच वाक्याला कोसळला. हेडमास्तरांचं पोट गदागदा हलत होतं. पंक्चरकाकांवर तर पोरांनी बाकं बडवली. मग काय झालं कळलं नाही, हसणं थांबलं आणि पोरं ऐकायलाच लागली. मी पण वाहवलो. म्हणालो, ज्याला प्रश्न विचारता येतो त्याला गंडवणं अवघड असतं. हे तयारीत नव्हतं. कुठून आलं कोण जाणे.
बाईंनी मान हलवली. चांगली दोनदा. म्हणाल्या, इतकं नीट मलाही कधी सांगता आलं नाही. टाळ्या. मी वाकून घेतल्या.
मग बाई म्हणाल्या, बरं, पुढे?
रक्त आटलं. नाकावर आईचा चष्मा, समोर सगळं धूसर. म्हटलं, हा विषय बोअर आहे. बाई म्हणाल्या, पुरावा? मी वर्गाकडे बघितलं. ढापण्याने हात वर केला, म्हणाला, बाई, आत्ता तर कुणीच बोअर झालं नाही. बाकीचा सगळा वेळ मी खडू या हातातून त्या हातात केला.
शेवटी हेडमास्तर उठले. म्हणाले, पोराने आपले सगळ्यांचे डोळे उघडले, आता हा विषय सगळ्या वर्गांना सक्तीचा.
बाईंची बाजू, पैकीच्या पैकी. माझी, भोपळा.

१७ मे
वर्गात माझ्याशी कुणी बोलत नाही. माझं दप्तर बाकाला बांधलेलं. गाठ माझ्यापेक्षा पक्की होती.

१३ जून
नवं सत्र. शेंबडीच्या शेजारी. तिने हजेरी घेताना मला नाव विचारलं, नालायक. सगळी चिल्लीपिल्ली कुरकुरत होती, हा विषय कुणी सक्तीचा केला म्हणून. बाईंनी मलाच उभं केलं. म्हणाल्या, हा विषय का शिकायचा ते जरा सांग यांना, तुला छान जमतं.
म्हटलं, तयारी नाही.
शेंबडीने दप्तरातून आईचा चष्मा काढून पुढे केला.