ताईच्या कंबरेपुरता शॉकअप

मु. पो. शिरगाव, ता. मावळ
१२ फेब्रुवारी २०२५

ती. सविताताईस,

सार्थकचा नमस्कार. साष्टांग घाल म्हणशील तर आल्यावर घालतो. दाजींनाही नमस्कार सांग. इकडे सगळे खुशाल. सृष्टी लेकीला घेऊन माहेरहून आली, आणि आई आता नातीशिवाय कुणाशी बोलतच नाही. कांदा बरा आलाय.

फोनवर विषय काढला की तू "कंबर" म्हणतेस आणि फोन दाजींच्या हातात देतेस. पत्र तसं देता येत नाही, म्हणून लिहितोय. बारसं तेवीस तारखेला, रविवारी आहे. नाव आत्यानंच ठेवायचं, हे तुला सांगायला नको. तोवर लेकीला सगळे नुसतं "बाई" म्हणतात.

तुझं दुखणं खोटं आहे असं मी म्हणत नाही. लोणावळ्यात दिवसभर चिक्कीच्या दुकानात उभं राहायचं, आणि वर बेगडेवाडी स्टेशनपासून घरापर्यंतचा आपला रस्ता! डंपरनी त्याची चाळण केलीय. रिक्षाचं तर नावच नको, तिच्या तीन चाकांतलं एक तरी खड्डा शोधून काढतंच. म्हणून ठरवलं, आपली मोटारसायकलच तुझ्या कंबरेला सोसेल अशी करायची.

वडगावच्या मेकॅनिकनं मागचे दोन्ही शॉकअप कधीचे एकदम कडक करून ठेवले होते. "डबलसीट बसता ना, मग टाईटच पाहिजे," एवढंच त्याचं शास्त्र. शॉकअपच्या खाली एक कडी असते, तिला पायऱ्या असतात. पान्ह्यानं फिरवली की स्प्रिंग कमी-जास्त दबते. मोबाईलवर बघून मी स्वतःच फिरवायला शिकलो. पहिल्यांदा पार ढिली केली. मऊ म्हणजे सुखाचं, अशी माझी समजूत. सृष्टीच्या भावाला मागं बसवून पहिल्या स्पीडब्रेकरवर गेलो, तर गाडी बुडाशी जाऊन अशी आदळली की तो उतरून चालत घरी आला. पुढच्या वेळी एका बाजूची पायरी बदलली आणि दुसरी विसरलो. गाडी बैलासारखी एका अंगाला ओढायला लागली. सृष्टी म्हणाली, "वन्सं येऊ नयेत म्हणून चाललंय का हे?"

मग कळलं की आधी मोजायचं असतं. सृष्टीनं मागच्या मडगार्डवर कुंकवाचं बोट लावलं. तिथून चाकाच्या आसापर्यंत टेप धरायचा, माणसं बसल्यावर गाडी किती खाली जाते ते बघायचं आणि त्यावर पायरी ठरवायची. पण मागं बसणारा तुझ्या वजनाचा हवा. तुझं वजन किती, असं आईला विचारलं, तर ती म्हणाली, "बाईमाणसाचं वजन इचारत्यात व्हय?" शेवटी इंद्रायणी तांदळाचं पोतं अंदाजानं कमी करून सीटवर बांधलं. ते कधी पुढं झुकायचं, कधी घसरायचं. आम्ही दोघं घामाघूम.

आबा ओट्यावर बसून सगळं बघत होते.

ताई, कंबर धरायच्या आधीपासून तू आलेली नाहीस, हे मला ठाऊक आहे. ओढ्याकडचा तुकडा विकू नका म्हणालीस, आणि आबा चार माणसांत म्हणाले, "तू आता परक्या घरची, मधी बोलू नगं." भरल्या ताटावरून उठून गेलीस. तेव्हापासून आबांनी घरात तुझं नाव काढलं नव्हतं. मीही कधी काढलं नाही, कारण मला दोघांचीही भीती वाटते.

तर त्या दिवशी आबा उठले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "पोत्याला कंबर असती व्हय रं? सोड ते. सवी हाडापेरानं माज्यासारकी हाय." पोतं सोडलं. मी पुढं बसलो. आबा मागं बसले ते एका अंगाला, दोन्ही पाय एकीकडं सोडून. मी म्हणालो, "आबा, नीट बसा की." तर म्हणाले, "सवी लुगड्यात अशीच बसती. भार जसा पडायचा तसा पडू दे." सृष्टी टेप धरून खाली बसली होती. तिनं पदर डोळ्यांना लावला आणि माप पुन्हा घ्यावं लागलं.

मधली पायरी बरोबर बसली. मग म्हणाले, स्टेशनापातूर चल. धोतर आवरून, माझ्या खांद्यावर हात ठेवून, सगळ्या गावादेखत एका अंगाला बसून गेले. स्टेशनबाहेर चहावाल्या पप्पूनं टोकलंच, "आबा, नव्या नवरीगत कुटं निगालाव?" मला वाटलं, आता शिवी येते. आबा म्हणाले, "लेकीला आणायचीय. रस्ता बघाया आलोय."

येताना एकही खड्डा त्यांनी चुकवू दिला नाही. घरी उतरल्यावर कमरेवर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "झ्याक हाय. आता कुणी पान्हा लावू नका." ओढ्याकडचा तुकडा अजून विकलेला नाही, हेही तुला सांगून ठेवतो.

आत्ता मी लिहितोय तर शेजारी येऊन बसलेत. माझं काय लिवलं, विचारतात. काही नाही, म्हणालो. मग म्हणाले, "लिव. म्हणावं, म्या सोता बसून बगितलंय. यायला सांग."

गाडी दोघांच्या वजनाला लावून ठेवलीय. कंपनीत एकटा जातो तेव्हा दणके बसतात, पण बारशापर्यंत सोसेन. लोकलमध्ये बसलीस की फोन कर, स्टेशनवर उभा असेन.

तुझी वाट बघणारे,
सार्थक
आणि आबा (हे त्यांनीच लिहायला सांगितलं)