खणीत विझलेला टॉर्च

३ ऑक्टो., शुक्र.
दादाचा टॉर्च पाण्याखाली विझला. गडमुडशिंगीकडची जुनी दगडाची खण. तळाला विसर्जनाच्या मूर्तींचे लोखंडी सांगाडे, अंधारात पाय त्यातच अडकला. पोटरी सोलून निघाली आहे. पाय सोडवून अंधारातच चाचपडत वर आला.
दसऱ्याला पोहायला उतरलेला तरुण अजून खालीच. त्याचे वडील काठावरून उठत नाहीत.
बुडालेल्यांना शोधणाऱ्या दादाच्या पथकाच्या तिन्ही टॉर्चची देखभाल माझ्याकडे आहे. म्हणजे

४ ऑक्टो., शनि.
कारखान्यात सुट्टी टाकली. टॉ. १ (दादाचा) तोंडापासून लांब धरून उघडला, भिजलेला सेल आत गॅस धरतो. आत पाणी, तांबूस. खणीची माती असणार. सगळं गोड्या पाण्याने धुतलं. झाकणाची रबरी रिंग प्लास्टिकच्या कार्डाने काढली, भिंगाखाली पाहिली. चीर नाही, केस नाही. सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात. सेलऐवजी आत टिश्यू, वजन बांधून बादलीत.
कोरडा. पुन्हा. कोरडा.
गळत असता तर दुरुस्त केला असता. हा गळतच नाही. कारखान्यात पंपाची अशी, दोषाचं कारण न सापडणारी बॉडी टेस्टला आली की मी लाल टॅग लावून बाजूला ठेवते. सोमवारी दादा परत उतरणार आहे.
तात्या आले. पथक त्यांचं, काठावर दोरी धरणारेही तेच.
"काय इंजिनेरबाई, घावला काय चोर?"
"नाही."
"मग बादलीत काय हरभरं भिजत घातल्यात?"
मी हसले नाही. मग तात्याच हळू आवाजात म्हणाले, "त्या पोराचा बाप जेवंना झालाय गं. सोमवारी उतरायचंच."

५ ऑक्टो., रवि.
टॉ. १ उन्हात तापवून गार पाण्यात टाकला. कोरडा. मामाच्या विहिरीत तळापर्यंत सोडला. कोरडा.
नव्या रिंगा गुरुवारी येणार. रबराच्या दुकानात जवळच्या मापाची मिळाली. जवळच्या मापाची म्हणजे चुकीच्या मापाची. परत केली.
दादाला म्हटलं, उतरू नकोस. म्हणाला, "तू हायस की टेस्ट करायला."
त्यानंतर रिंग काढून पुन्हा भिंगाखाली धरली. कारण सापडत नाही आणि त्याला ते कळतच नाही. उद्या त्याने वर येऊन शिव्या दिल्या तरी चालतील, पण वर

संध्याकाळी. टॉ. १ मी आधी धुतला, मग पाहिला. उलट करायला हवं होतं. टॉ. २ आणि ३ दसऱ्यापासून कुणी उघडलेले नाहीत. दोन्ही तसेच, सेलसकट, बादलीत सोडले.
टॉ. २ च्या काचेवर आतून वाफ. पुसून उघडला. आत थेंब, गुलाबी.
रिंग भिंगाखाली: कुंकवाचे कण वाळूसारखे रुतलेले, तिथेच फट. झाकणाच्या आट्यांत हळद. टॉ. ३ मध्येही तेच, फक्त पाणी अजून शिरलं नव्हतं.
खंडेनवमीला आईने दादाची सगळी हत्यारं पुजली. सुरी, दोरी, तिन्ही टॉर्च. नंतर त्याने तशीच झाकणं उघडून सेल भरले.
आईने विचारलं, "काय झालंतं बॅटरीला?"
"रिंग जुनी झाली होती."

६ ऑक्टो., सोम.
तिन्ही धुतले, तपासले. टिश्यू कोरडे. पण कुंकू मी टॉ. २ आणि ३ मध्ये पाहिलं. टॉ. १ मध्येही तेच होतं हा माझा अंदाज. तिथला पुरावा मी धुऊन टाकला. दादाला सांगितलं, आई आतल्या खोलीत होती. तरी त्याने टॉ. १ च उचलला. सवयीचा आहे म्हणाला. टॉ. ३ जादा म्हणून मी त्याला खांद्याला बांधायला लावला.
निघताना आईने त्याच्या कपाळाला कुंकू लावलं. मग बोट टॉर्चकडे गेलं आणि मध्येच थांबलं.
"त्याला नको," म्हणाली. बोट पदराला पुसलं, बराच वेळ पुसत राहिली.
मी चपला घालत होते. वर पाहिलं नाही.

खणीवर. दादा खाली आहे. प्रकाश थोडा वेळ हिरव्या पाण्यात दिसला, मग दिसेना. खोलीमुळे.
त्या तरुणाचे वडील माझ्याशेजारी येऊन बसलेत.
"ताई, बॅटरी दिसतीया काय तुमास्नी?"
"नाही."
"मग?"
"खोल गेलाय."
"तुमचा कोण त्यो?"
"भाऊ."
त्यांनी माझ्यापुढे पाण्याची बाटली सरकवली.
दोरी तात्यांच्या हातात आहे. माझ्या हातात काही नाही, म्हणून लिहितेय. तात्यांनी आत्ता एकदा ओढून विचारलं, बरा हायस का. आता खालून दादाने ओढायची.