चाळीस रुपयांचं कोहळं

१ नोव्हेंबर १९५७, पांढरकवडा

पगार झाला! माझे दवाखान्यातले सदतीस, मास्तरांचे शाळेतले पंचावन्न. आधी दशांश — नऊ रुपये वीस नवे पैसे — पाकिटात घालून बायबलमध्ये ठेवला. एप्रिलपासून हे नवे पैसे आले आणि माझं डोकं हलकं झालं. पूर्वी सदतीसचा दहावा भाग काढताना पाईच्याही खाली तुकडा उरायचा. तो देवाचा की आमचा, यावर आमचं नवराबायकोचं भांडण! मी देवाचा म्हणायचे. अर्थातच जिंकायचे.

मग किराणा, दूध, रॉकेल. शेवटी माझा कोकोचा डबा. त्यात आता छप्पन्न. नागपूरच्या सुईणीच्या वर्षभराच्या कोर्सला चार जानेवारीच्या आत साठ भरायचे आहेत. चारच कमी!

७ नोव्हेंबर

आज मानीबाई दवाखान्यात आली होती, खोकल्याचं औषध न्यायला. जूनमध्ये तांड्यावर तिची सून रुपीबाई माझ्या हातात गेली. बाळ आडवं होतं. मला पट्टी बांधता येते, सुई टोचता येते, पण आडवं बाळ कसं फिरवायचं हे कोणी शिकवलेलं नाही. मी नुसती हात धरून बसले. पुन्हा असं बसायचं नाही. म्हणून नागपूर.

१० नोव्हेंबर

उपासनेहून येताना मास्तर म्हणाले, "एक वर्स म्हणजे बावन्न रविवार न?"

म्हटलं, हो, गणित बरोबर आहे.

"शाळेतून आलो की घराले कुलूप दिसन मले."

मग सायकल पुसत बसले. ती सायकल म्हणजे त्यांची दुसरी बायको. शाळा तीन मैलांवर, पण चिखलाचा एक ठिपका चालत नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार



आज उपकारस्तुतीचा सण. दरवर्षीप्रमाणे सगळ्यांनी शेतातलं पहिलं पीक देवळात आणलं — ज्वारी, तूर, कोंबड्या, अंडी. उपासनेनंतर त्याचा हर्रास. दुप्पट-तिप्पट बोली लावायची ती आनंदाने, पैसे मंडळीच्या कामाला. बोलली बोली म्हणजे देवापुढे दिलेला शब्द.

मानीबाईने एक कोहळं आणलं होतं. एका बाजूला चेपलेलं. खजिनदार नेमसिंगकाकांनी ते वर धरलं न् म्हणाले, "बोला, चार आणे!" लोक हसले. मानीबाई खाली पाहू लागली.

तेव्हा मास्तर उठले. "पाच रुपये!"

मला इतका अभिमान वाटला! पण मुकुटबनचे लाकडाचे ठेकेदार चेव येऊन दहा म्हणाले. मास्तर पंधरा. ठेकेदार वीस. मी सदरा ओढला. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं — नीट पाहिलं — आणि म्हणाले, "चाळीस."

टाळ्या! मानीबाई रडत होती. मीही. लोकांना वाटलं आनंदाने.

२५ नोव्हेंबर

बोलले नाही. त्यांच्याशी नाही, देवाशीही नाही.

१ डिसेंबर

डब्यातले चाळीस मास्तरांनी नेमसिंगकाकांच्या हातावर मोजले. पाळकसाहेब म्हणाले, असा मोठ्या मनाचा माणूस मंडळीत दुसरा नाही. मी मान हलवली. दशांश दिलाच होता, मग हे चाळीस कोणत्या हिशेबातले? विचारलं देवाला.

पगारातून चार टाकले. डब्यात वीस.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मी उसने देते. पण लग्नाच्या दिवशी आम्ही दोघांनी ठरवलं आहे, देणं करून काही करायचं नाही. नको म्हटलं. मग पुढच्या वर्षी, म्हणाल्या. पुढच्या वर्षीपर्यंत तांड्यावर किती बाळंतपणं होतील?

कोहळं फडताळावर आहे. मी चिरणार नाही. कुजलं तरी चालेल.

९ डिसेंबर

मानीबाई दवाखान्यात आली. "बाई, कोहळं गोड निघालं का?"

हो म्हटलं. खोटं बोलले! तिने माझा हात धरला. "नागपूरले कवा जाता? नेमसिंगची सून माघात बाळंत होते. म्या सांगतलं तिले, पुढच्या खेपेले आपली बाई शिकून आली राहीन."

जाणार नाही, हे न सांगता तिची औषधाची बाटली भरून दिली.

२९ डिसेंबर

मास्तर चालत घरी आले. सायकल नाही! मग सायकलच्या दुकानाचे अब्दुल गनीच सांगत आले — "भाभी, मास्तर सायकल कायले विकून राह्यले? म्या म्हटलं गहाण ठेवा, तर आयकत नाही." पंचेचाळीसला दिली.

त्यातून आधी साडेचार रुपये दशांशाच्या पाकिटात. मी म्हटलं, अहो, सायकल विकली त्यावर कसला दशांश? ती काय कमाई आहे? तरी टाकले. चाळीस माझ्या डब्यात. उरलेल्या आठ आण्यांची चपलेला टाच मारून आणली — आता रोज सहा मैल चालायचं.

मी लहान मनाची आहे. महिनाभर या माणसाशी धड बोलले नाही. देवा, क्षमा कर.

३१ डिसेंबर

साठ रुपयांची मनिऑर्डर गेली! पोस्टात मास्तर सोबत होते. पावती त्यांनीच घडी करून दिली.

४ जानेवारी १९५८

सोमवारी सकाळची मोटार. ट्रंक भरत होते. मास्तर दारात उभे राहून म्हणाले, "सत्या, तू मले संत समजून जाऊ नको. पाच रुपये मानीबाईसाठी होते. पंधराबी. वीस झाले तवा मले तुया डबा आठवला. चाळीस म्या तू जाऊ नये म्हणून बोललो."

खूप वेळ लुगड्याची तीच घडी घालत राहिले. राग आला. अजूनही आहे.

कोहळं खाली काढलं. कुजलेलं नाही. उद्या चिरेन. दोघं बसून खाऊ, मगच जाईन.