ग्वाटेमालाचा तक्ता

बाबा, गिरण्यांच्या संपाच्या दुसऱ्या वर्षी शाळेच्या प्रदर्शनासाठी बाईंनी वर्गातल्या प्रत्येकीला एकेक देश दिला आणि माझ्या वाट्याला ग्वाटेमाला आला. मी सातवीत होते. हा देश कुठे आहे हे घोडपदेवच्या आपल्या चाळीत कुणालाच ठाऊक नव्हतं. तुम्ही गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवणारे. गिरणी बंद, हात रिकामे. "मी बघतंय," म्हणालात, आणि दुसऱ्या दिवसापासून दादरच्या वाचनालयात चालत जाऊ लागलात, पूर्वी पाळीला जायचात तसे, डोक्याला तेल लावून, धुतलेला शर्ट घालून.

संध्याकाळी येऊन तुम्ही जमिनीवर तक्ता पसरायचात आणि वाचनालयात टिपून आणलेलं त्यावर काढायचात. एका अंगाला पॅसिफिक, दुसऱ्या अंगाला कॅरिबियन समुद्र, मधे ज्वालामुखींची रांग. राजधानी ग्वाटेमाला सिटी. जुनी राजधानी भूकंपात पडली म्हणून दुसरीकडे नवी वसवली, हे तुम्ही दोनदा वाचलंत. "अख्खां शहर हलवल्यांनी," म्हणालात, "माणसां खंय गेली आसतली?" तिथले माया लोक मानतात की माणूस मक्याच्या पिठाचा घडला, हेही तुम्ही वाचून दाखवलंत. आई डब्याच्या तळाचं पीठ खरवडत होती. "त्येंच्याकडे पीठ तरी आसा," ती म्हणाली. तुम्ही मान खाली घालून डोंगर रंगवत राहिलात.

सगळ्यात जास्त वेळ लागला विणणाऱ्या माया बाईच्या चित्राला. मागाचं एक टोक झाडाला, दुसरं तिच्या कमरेला. "ह्या बघ गो. तिचो साचो तिच्या कमरेक बांधलेलो. तिका गेटाभायर कोण काढतलो?" बोलता बोलता तुम्ही उठून गॅलरीत गेलात. मी पेन्सिलीला टोक करत बसले, ती संपेपर्यंत.

प्रदर्शनाच्या सकाळी तुम्ही दाढी करून तयार बसला होतात. मी म्हटलं, "आईवडिलांना आत सोडत नाहीत." बाईंनी सगळ्यांच्या पालकांना बोलावलं होतं. तुम्ही तक्ता गुंडाळून माझ्या हातात दिलात. "दुमडू नको," एवढंच म्हणालात. शाळेत बाई त्याच्यापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या.

"कुणी काढलं हे?"

"मी एकटीनं."

त्याच संध्याकाळी शेजारच्या काकू दारात येऊन तुम्हाला म्हणाल्या, "शाळेत दिसला नाहीत? सगळे आले होते." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग त्यांना म्हणालात, "माका जरा काम होतां."

पुढच्या आठवड्यात तुम्ही गावी गेलात ते परतलाच नाहीत. तुम्ही वारल्याची तार आली तेव्हा मी दहावीत होते. सगळे म्हणतात, संपानं माणूस खाल्ला, आणि मी मान डोलावते. त्या सकाळचं काहीच परत घेता येत नाही, बाबा, आणि ते पोटात ठेवून जगणंही आता जमत नाही.

हे पत्र मी आईलाही दाखवणार नाही. तुम्ही शाळेत माझ्या शेजारी उभे राहिला असतात तर बाईंनी विचारलं असतं, वडील काय करतात. मला तुमची लाज वाटत होती.