बहात्तर तास

३ मार्च
शी! थर्मासचं झाकण उघडलं आणि तोंड फिरवलं. कत्तलखान्यातून जनावरांची अंडाशयं येतात ती कोमट मिठाच्या पाण्यात. आज त्या पाण्याचा पार लाल चिखल, वर केसांचा पुंजका. बारा वर्षं झाली तरी सवय नाही. आणि साहेब शेजारच्या टेबलाशी उभ्याउभ्या सँडविच खातायत — प्रयोगशाळेत! बोट चाटलं आणि तेच बोट सूक्ष्मदर्शकाच्या बटणाला. मी स्पिरिटने पुसून काढलं तर म्हणे, "मॅडम, घरचे तुम्हाला सहन कसे करतात?"

५ मार्च
पुन्हा तोच वाद. भ्रूण वाढवायच्या साहेबांच्या द्रावणात सीरम असतं, म्हणजे रक्तातलं पिवळट पाणी. त्यात भ्रूण भराभर होतात, संख्येला तोटा नाही. पण आतून चरबीने काळेकुट्ट. गोठवून परत बाहेर काढले की मान टाकतात. माझ्या द्रावणात सीरम नाही. भ्रूण कमी होतात, पण स्वच्छ. दोन वर्षं कंठशोष करतेय, त्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं.

मोजायची तऱ्हा तर बघावी! गोठवायच्या द्रव नायट्रोजनमधून काढल्यावर दोन तासांनी हे बशीत डोकावणार. भ्रूण पाणी पिऊन फुगलेला दिसतो. झालं — "जिवंत!" अहो, मरायला टेकलेलाही फुगतो! बहात्तर तासांत कवच फोडून बाहेर आला तर तो खरा जगला. पण तोवर दम कोणाला? अहवालात ऐंशी टक्के ठोकून मोकळे. आम्ही सगळे मागून त्यांना फुगेवाला म्हणतो. अहवाल वाचताना किळस येते मला. सँडविचपेक्षा जास्त.

९ मार्च
गोठेवाले काका आले, थर्मास पोटाशी धरून. त्यांची जुनी गाय घसरली, मांडी मोडली, उठेचना. पशुवैद्याने तिची सुटका केली आणि लगेच अंडाशयं काढून दिली. काका म्हणाले, "सात वेतं झाली तिची. सातही गोऱ्हे. मागे एक कालवड नाही हो. एकच वासरू राहू द्या तिचं, ताई. एकच."

मी म्हटलं, "होईल, काका." उगाच म्हटलं नाही, मनापासून म्हटलं.

ते गेल्यावर साहेब म्हणाले, "केस चांगली आहे. लोकांना भावतात अशा गोष्टी." थोबाड फोडावंसं वाटलं.

१७ मार्च
फलित करून निम्मी अंडी त्यांच्या द्रावणात ठेवली होती, निम्मी माझ्या. त्यांचे चार भ्रूण झाले, माझे तीन. "चार विरुद्ध तीन, मॅडम!" क्रिकेट चाललंय जसं. त्यांचे चार म्हणजे करपलेल्या तेलाचे थेंब. माझे तीन — काय सांगू, दृष्ट लागावी असे! ज्यांच्या पोटात ठेवायचे त्या काकांच्या दुसऱ्या गाईंच्या कालवडी अजून माजावर यायच्यात, म्हणून सातही गोठवले. एका नळीत एक.

२३ मार्च
इनक्युबेटरमध्ये बुरशी. साहेबांनी पाहुण्यांना दाखवायला म्हणून दार सताड उघडं ठेवलं होतं. माझ्या चाचणीचे सगळे भ्रूण गेले. पांढरी लव आलेल्या बशा दोन-दोनदा धुतल्या. पुढच्या आठवड्यात ठरणार की यापुढे द्रावण कोणाचं वापरायचं, आणि माझ्या हातात दाखवायला काही नाही.

२५ मार्च
काढले. काकांच्या गाईचे, माझ्या तिनातले दोन, चाचणीला. काकांसाठी साहेबांचे चार आहेतच की, शिवाय माझा एक शिल्लक. पाच झाले. चिकार झाले.

२८ मार्च
दोन्ही कवच फोडून बाहेर! बहात्तर तास पुरे व्हायच्या आतच! साहेबांना ओढत आणून दाखवलं. ते दात कोरत म्हणाले, "दोन हा काय आकडा झाला का? नाणं उडवलं तरी दोनदा छापा पडतो."

तळपायाची आग मस्तकात गेली. तिथल्या तिथे, त्यांच्या नाकासमोर, तिसरी नळी काढली.

३१ मार्च
तिसराही! तीनपैकी तीन!! साहेबांनी निमूट सही केली. सोमवारपासून सगळीकडे माझं द्रावण. त्यांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं. किती वर्षांनी इतकं छान वाटलं! घरी नवरा म्हणाला, "आज चक्क हात न धुता जेवायला बसलीस?"

तिन्ही बशा कचऱ्याच्या पिवळ्या बादलीत टाकल्या. इतके दिवस बशीत वाढलेला भ्रूण गाईच्या पोटात ठेवायला उशीर झालेला असतो. त्याला इलाज नाही.

६ एप्रिल
काकांच्या गोठ्यावर. साहेबांचे चार भ्रूण चार कालवडींत ठेवले. गोठा इतका स्वच्छ की आमच्या प्रयोगशाळेची लाज वाटली. काका प्रत्येकीच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होते. मग मला विचारलं, "सात होते ना, ताई?"

"तीन तपासणीत गेले."

"गेले म्हणजे मेले?"

साहेब मध्येच म्हणाले, "चालायचंच, काका." मी हातमोजे काढत बसले. साहेबांनी पहिल्यांदाच माझी बाजू सावरली. घरी येऊन आंघोळ केली. मग परत केली.

१९ एप्रिल
काकांचा फोन. एकही कालवड परत माजावर आलेली वाटत नाही म्हणे. "जमलं बघा, ताई!" मी म्हटलं, सोनोग्राफीपर्यंत थांबा. ते काळे थेंब डोळ्यांसमोरून जात नाहीत.

८ मे
चारही रिकाम्या.

काकांनी चौघींच्या पाठीवरून हात फिरवला. मग उलट माझीच समजूत घालायला लागले. "तुम्ही कशाला मनाला लावून घेता, ताई? तिच्यातच जीव उरला नसणार."

मी म्हटलं, "हो, काका."